नव्या आशाताईला, दातांबद्दल

लेकराचा पहिला दात दिसला की ब्रश सुरू. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. 'दुधाचे दात, पडणारच की' हे दर घरी ऐकशील. तेव्हा सहा वर्षांच्या पोराला 'आ' करायला लाव. सगळ्यात मागं, कुठलाच दात न पडता, नवी दाढ आलेली असते. ती कायमची. आया तिला दुधाचीच समजतात अन् ती किडून जाते.

गरोदरपणी हिरड्यांतून रक्त आलं की बाया घासणंच सोडतात. मऊ ब्रश घे म्हणावं, थांबू नको.

आता मिसरी. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की समजून घे. 'नाही लावली तर डोकं दुखतं' म्हणतील; ती तंबाखूची तलफ. भांडू नकोस. मी भांडायचे, तर बाया दार लावून घ्यायच्या. नुसता ओठ उलटून बघ. पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दंतवैद्याकडे धाड. मोठं काम निघालं तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहेच.

म्हाताऱ्यांना एवढंच सांग: कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा.