नकारार्थी अट कशी लिहावी?

प्रश्न : आम्ही पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करतो. मी ‘इफ नॉट सक्रिय’ (म्हणजे ‘सक्रिय नसेल तर’) अशी अट लिहितो. माझ्या वरिष्ठ सहकारी म्हणतात, की ‘नॉट’ वाचताना नजरेतून निसटतो, म्हणून ‘इफ सक्रिय == फॉल्स’ (म्हणजे ‘सक्रिय’ची किंमत ‘खोटे’ असेल तर) असे लिहावे. वाचायला सोपे कोणते, आणि पुढे ‘एल्स’ (‘नाहीतर’ची शाखा) असेल तर अट उलटवावी का?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची काळजी रास्त आहे, सी किंवा जावा या भाषांमध्ये ‘नॉट’ऐवजी लिहिले जाणारे, कंसाला चिकटलेले बारीकसे उद्गारचिन्ह सहज नजरेआड होते. पायथॉनमध्ये मात्र ‘नॉट’ हा पुरता शब्द आहे, आणि मुख्य म्हणजे आपल्या दोन ओळींचा अर्थ एक नाही. ‘सक्रिय’मध्ये अजून काहीच भरलेले नसेल, म्हणजे तिथे ‘नन’ असेल, तर ‘नॉट सक्रिय’ खरे ठरते, पण ‘नन == फॉल्स’ खोटे ठरते आणि ती नोंद अटीतून सुटून जाते. पायथॉनच्या अधिकृत शैली-मार्गदर्शिकेतही, म्हणजे पेप ८ मध्ये, ट्रू-फॉल्सशी अशी तुलना करू नये असे सांगितले आहे. रिकामी नोंद वेगळी हाताळायची असेल, तर ‘इफ सक्रिय इज नन’ अशी स्वतंत्र अट आधी लिहावी.

माझ्या मते खरी अडचण बहुधा ‘नॉट’ची नसून व्हेरिएबलच्या, म्हणजे ‘सक्रिय’सारख्या किंमत साठवणाऱ्या घटकाच्या, नावाची असते. एकदा मी ‘ईमेल_नको’ या नावावर ‘इफ नॉट ईमेल_नको’ अशी अट घातली होती. महिनाभराने ती बदलताना दोन नकारांच्या गुंत्यात एक माझ्या हातून गळला आणि ज्यांनी नको म्हटले होते, नेमक्या त्यांनाच ईमेल गेले. नाव ‘ईमेल_चालेल’ असते, तर ‘इफ ईमेल_चालेल’ ही ओळ कोणालाही एका दमात वाचता आली असती.

कंसाबाहेरचा ‘नॉट’ही असाच जड जातो. ‘नॉट (पैसे_भरले अँड पत्ता_तपासला)’ यापेक्षा ‘नॉट पैसे_भरले ऑर नॉट पत्ता_तपासला’ हे मला सोपे वाटते, कारण प्रत्येक नकार आपापल्या गोष्टीला लागून राहतो; मात्र कंस सोडवताना ‘अँड’चा ‘ऑर’ करायला विसरू नये. (हा नियम गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो.)

‘एल्स’ असेल आणि दोन्ही शाखा सारख्याच महत्त्वाच्या असतील, तर होकारार्थी अट आधी ठेवावी. फंक्शनच्या सुरुवातीलाच ‘इफ नॉट ग्राहक’ म्हणून परत फिरायचे असेल, तर तो नकार तसाच राहू द्यावा. तिथे अट उलटवली, की पुढचा सगळा कोड विनाकारण एक पातळी आत सरकतो.