अ की ॲन? शब्द देवनागरीत लिहून बघा

इंग्रजी नामाआधी अ (a) लावायचं की ॲन (an), हे ठरवताना स्पेलिंगचं पहिलं अक्षर बघू नका, पहिला उच्चार ऐका. आपल्याकडे त्यासाठी हक्काची सोय आहे: शब्द देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर ॲन, व्यंजन आलं तर अ. युनिव्हर्सिटीचं स्पेलिंग यू-ने सुरू होतं, पण कानावर य पडतो, म्हणून अ युनिव्हर्सिटी. अवरमधला एच मुका, म्हणून ॲन अवर. खरी गफलत होते ती लघुरूपांत. ॲन एमएलए, ॲन एफआयआर, पण अ यूपीआय पेमेंट. एमएलएला ‘यम्मेले’ म्हणायची सवय असेल तर ती आधी मोडा, नाहीतर कानच फसवेल. शिवाय बघायचं ते नामाकडे नाही, लगेच पुढे येणाऱ्या शब्दाकडे: ॲन अंब्रेला, पण अ ब्लॅक अंब्रेला. ॲडव्हाइस, फर्निचर ही नामं इंग्रजीत मोजत नाहीत. त्यांना दोन्ही नकोत.