गणपतीच्या देखाव्याला कोणती बॅटरी?

देखाव्याला कोणती बॅटरी लावू, असं तू विचारलंस. डीएफप्लेअर मिनीवर (गाणी वाजवणारं छोटं एमपी३ मॉड्यूल) आरती आणि समईत लाल-पिवळ्या एलईडी, ही तुझी कल्पना छानच आहे. फक्त ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आधी काढ. नवखे बहुतेक तिथेच अडकतात. माझ्या पहिल्या देखाव्यात ९ व्होल्टचे ५ करणारा रेग्युलेटर मधे लावूनही टाळांचा आवाज चढला की दिवे मंदावायचे, मॉड्यूल रीसेट व्हायचं आणि आरती पुन्हा पहिल्यापासून. या बॅटरीत व्होल्ट भरपूर, पण करंट पुरत नाही.

निकेल मेटल हायड्राइडचे (पुन्हा चार्ज होणारे) तीन एए सेल घे, प्रत्येकी १.२, म्हणजे ३.६ व्होल्ट. चौथा लावायचा मोह होईल, पण ताजा चार्ज केलेला सेल १.४ व्होल्टपर्यंत असतो. चार मिळून ५.६, आणि मॉड्यूलची मर्यादा ५.

घेताना एवढं बघ:
- तिन्ही सेल एकाच जातीचे, एकदमच घेतलेले. नवे-जुने मिसळू नकोस.
- 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले. साधे सेल कपाटात पडूनच उतरतात.
- चार्जर निकेलसाठीचाच.

१८६५० लिथियम सेल (लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे, एएपेक्षा जाड) सध्या नको, चुकलं तर पेट घेतात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले तर अजिबातच नको, आणि सेलला थेट सोल्डर कधीच लावू नकोस. मखरात कापूस, थर्माकोल, कागद असतो रे! हा देखावा दहा दिवस नीट चालू दे, मग लिथियमचं बोलू.