रविवारची तयारी आणि सासूबाईंचं ‘ताजं’

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, नोकरी कोरेगावला. एसटीने ये-जा, घरी पोचायला साडेसात वाजतात. मिस्टरांची एमआयडीसीत शिफ्ट, दोन मुलं शाळेत. मैत्रीण म्हणते, आठवड्याचा स्वयंपाक रविवारी करून फ्रीजमध्ये ठेव. सासूबाई म्हणतात, या घरात शिळं कुणी खाल्लेलं नाही. काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंचं मला पटतं, आणि मैत्रिणीचंही अर्धं पटतं. शिजवलेली भाजी-आमटी फ्रीजमध्ये तीन दिवस, फार तर चार दिवस नीट राहते. रविवारची भाजी शुक्रवारी ताटात नको. भाताबाबत तर मी कडक आहे. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर तसाच राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. भात रोजचा रोज लावा.

पण संध्याकाळचा वेळ खरा कुठे जातो ते बघा. फोडणी पाच मिनिटांची. मेथी निवडणं, लसूण सोलणं, खोबरं भाजणं यातच जीव जातो. तेवढं रविवारी उरका.

सगळ्यात आधी वाटण. उभा चिरलेला कांदा थोड्या तेलावर तांबूस, कडा काळपट होईपर्यंत परता. सुकं खोबरं वेगळं भाजा, एकत्र टाकलंत तर खोबरं जळतं आणि कांदा कच्चा राहतो. पूर्ण गार झाल्यावर आलं-लसूण घालून वाटा, पाणी जेमतेम मिक्सर फिरण्यापुरतं. पाण्यानेच वाटण लवकर आंबतं. एका मोठ्या डब्यात भरू नका, एकेका भाजीपुरतं छोट्या डब्यांत भरा. बुधवारपर्यंतचं खाली, बाकीचं फ्रीजरमध्ये. कोथिंबीर मात्र आयत्या वेळी. त्यावर तुमचा कांदा-लसूण मसाला पडला की आमटी दहा मिनिटांत उकळते, आणि ती ताजीच असते. सासूबाईंना तो फोडणीचा वास येऊ द्या, त्यांच्या ‘ताजं’चा अर्थ तोच आहे.

कडधान्यं शनिवारी रात्रीच भिजत घाला. कोरेगावला रोज जाताच आहात, तर तिथला वाघ्या घेवडा आणा, त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगीच नाही. भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा, अर्धकच्चा घेवडा पोटाला बाधतो. गार झाला की लगेच फ्रीजमध्ये, दोन तासांच्या वर बाहेर नको. तो सोमवार-मंगळवारी संपवा. मटकी रविवारी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधली की सोमवारी संध्याकाळी मोड येतात, ती बुधवारला. गुरुवारी खुशाल पिठलं करा. मेथी निवडून, न धुता, सुती फडक्यात गुंडाळून ठेवली की तीन-चार दिवस टिकते.

भाकरीला पर्याय नाही, ती तव्यावरूनच ताटात यावी. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी मळून ठेवायच्या भानगडीत पडू नका, आणि महिन्याचं दळणही एकदम आणू नका. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना चिरते, मग तुमची तेवढीच चिडचिड वाढते.

मिस्टरांची सुट्टी ज्या दिवशी असेल त्या दिवशी लसूण त्यांच्याकडे द्या. मुलं शेंगा फोडू शकतात. हे काम एकटीने उरकायचं ठरवलंत तर रविवारही गेला आणि आठवडाही, आणि मी हे सगळं सांगतेय ते तुम्हाला घरी आल्यावर पंधरा मिनिटं शांत बसून चहा घेता यावा म्हणून.

उन्हाळ्यात वीज गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद दाराआड गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून जास्त वेळ गेली तर शिजवलेला घेवडा टाकून द्या, हळहळू नका.