तुर्की वृत्तपत्रांतली इराणच्या अणुवाटाघाटींची बातमी कशी वाचावी?

तुमचा प्रश्न असा आहे: इराणच्या अणुकार्यक्रमावर इस्तंबूलमध्ये बोलणी झाली की तुर्की वृत्तपत्रं एकाच बैठकीबद्दल दोन टोकांचं लिहितात. तुर्की न येणाऱ्या वाचकाने भाषांतर यंत्राच्या आधाराने त्यातून भरवशाचं काही कसं काढायचं?

काढता येतं, पण वाचण्याचा क्रम बदलावा लागतो. तुर्कस्तानात अणुवाटाघाटींची बातमी परराष्ट्र पानावर एकटी राहत नाही. सरकार आणि विरोधकांच्या चालू भांडणात ती लगेच पुरावा म्हणून ओढली जाते. म्हणून आधी त्या आठवड्यात अंकारात काय चाललं होतं ते पाहा, मग कराराचा किंवा निवेदनाचा मूळ मजकूर वाचा, आणि पेपर त्यानंतर उघडा. थेट मथळ्यापासून सुरुवात केली तर तो कोणाला ऐकवण्यासाठी लिहिलाय हेच कळत नाही.

सरावासाठी मे २०१० घ्या. याहून चांगला नमुना सापडणं कठीण आहे. १० मेला देनिझ बायकाल यांनी एका खासगी चित्रफितीच्या प्रकरणावरून सीएचपी या मुख्य विरोधी पक्षाचं अध्यक्षपद सोडलं. १२ मेला रशियाचे अध्यक्ष मेद्वेदेव अंकारात होते आणि मर्सिन प्रांतातल्या अक्कुयू अणुवीज प्रकल्पाच्या करारावर सह्या झाल्या: प्रत्येकी १,२०० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या, बांधणी आणि मालकी रशियाच्या रोसातोमची. १७ मेला तुर्कस्तान, ब्राझील आणि इराण यांचा तेहरान जाहीरनामा आला. त्याच दिवशी झोंगुलदाकच्या कारादोन कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ३० कामगार गेले. २२ मेला केमाल किलिचदारोलू सीएचपीचे अध्यक्ष झाले. ३१ मेला गाझाकडे निघालेल्या मावी मार्मारा जहाजावर इस्रायली सैनिक उतरले. ९ जूनला सुरक्षा परिषदेत इराणवरच्या निर्बंधांचा ठराव १९२९ मंजूर झाला. विरोधात फक्त तुर्कस्तान आणि ब्राझील, लेबनॉन तटस्थ. आणि या सगळ्यावर सावट होतं १२ सप्टेंबरला होणाऱ्या घटनादुरुस्तीच्या सार्वमताचं.

आता १८ मेचं पहिलं पान डोळ्यांसमोर आणा. तेहरानमध्ये ब्राझीलचे अध्यक्ष लुला, इराणचे अध्यक्ष अहमदीनेजाद आणि तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगन यांनी एकमेकांचे हात धरून उंचावले होते. तो फोटो आणि खाणीच्या तोंडाशी थांबलेली कुटुंबं, दोन्ही एकाच पानावर बसवायचे होते. तुर्की पेपरात नावपट्टीच्या वर जो मथळा येतो त्याला सुरमानशेत म्हणतात आणि मुख्य मथळ्याला मानशेत. कोणती बातमी कुठल्या जागी आहे, फोटो किती कॉलमी आहे आणि कोणती बातमी आतल्या पानावर ढकलली आहे, एवढं टिपलं तरी पेपरचा कल समजतो. एक शब्दही वाचावा लागत नाही. जुन्या अंकांच्या पहिल्या पानांच्या प्रतिमा पाहायला मिळतात. पाच-सहा पेपर एकाच तारखेचे शेजारी लावून पाहा. एकच पेपर सलग आठवडाभर वाचण्यापेक्षा हे कितीतरी जास्त शिकवतं.

मग जाहीरनामा. तो जेमतेम दहा कलमांचा आहे, दहा मिनिटांत वाचून होतो. त्यातला व्यवहार असा होता: इराणने १,२०० किलो कमी समृद्ध युरेनियम तुर्कस्तानात ठेवायचं, ते तिथे असलं तरी मालकी इराणचीच, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने त्यावर देखरेख करायची. बदल्यात तेहरानच्या संशोधन अणुभट्टीसाठी १२० किलो इंधन एका वर्षाच्या आत मिळावं. इराणने सात दिवसांत संस्थेला लेखी कळवायचं. समोरच्या बाजूने (अमेरिका, रशिया, फ्रान्स आणि ही संस्था) शब्द पाळला नाही तर तुर्कस्तानने इराणच्या मागणीवरून युरेनियम बिनशर्त परत करायचं.

जाहीरनाम्यात काय नव्हतं, ते इथे जास्त महत्त्वाचं आहे. फेब्रुवारी २०१० पासून इराणने २० टक्क्यांपर्यंत समृद्धीकरण, म्हणजे युरेनियममधल्या इंधनाला उपयोगी घटकाचं प्रमाण वाढवणं, सुरू केलं होतं. ते थांबवण्याचं एकही कलम नाही. शिवाय ऑक्टोबर २००९ मध्ये पहिल्यांदा १,२०० किलोंची चर्चा झाली तेव्हा तो इराणच्या साठ्याचा मोठा हिस्सा होता. मे २०१० पर्यंत साठा वाढला होता आणि तेवढेच किलो म्हणजे साधारण निम्मा साठा उरला होता. तुर्कस्तानचा राजनैतिक विजय असं लिहिणाऱ्याला हे दोन मुद्दे अडचणीचे होते. उलट, ‘देशाचा अक्ष पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतोय’ असा गजर करणाऱ्याला दुसरीच गोष्ट अडचणीची होती: ओबामांनी एप्रिलमध्ये लुलांना लिहिलेलं पत्र. ते नंतर ब्राझीलच्या वृत्तपत्रात फुटलं, आणि त्यात १,२०० किलो युरेनियम इराणबाहेर गेल्यास विश्वास वाढेल असं अमेरिकेनेच म्हटलं होतं. त्या काळातला कुठलाही तुर्की लेख हाती आला की एवढंच तपासा: त्यात २० टक्क्यांचा उल्लेख आहे का आणि या पत्राचा आहे का? दोन्ही असतील तर लेखकाला अणुविषयातलं कळतं. एकच असेल तर तो लेख अणुकार्यक्रमाबद्दल नसून एर्दोगन यांच्याबद्दल आहे, असं समजून वाचा.

मालकीचा हिशेब कुठल्या वर्षाचा आहे ते लिहून ठेवा, कारण इथे बाहेरचे वाचक हमखास चुकतात. पेपरचं नाव तेच राहतं, पण मालक बदलतो. हुर्रियेत आणि मिल्लियेत २०१० मध्ये दोगान समूहाकडे होते, आणि त्या समूहावर सप्टेंबर २००९ मध्ये सुमारे ३७५ कोटी लिरांचा करदंड लागला होता; तेव्हाचा त्यांचा सावध सूर त्या दबावाखाली वाचावा लागतो. मिल्लियेत २०११ मध्ये विकला गेला. २०१८ मध्ये हुर्रियेत आणि सीएनएन तुर्कही देमिरोरेन समूहाकडे गेले आणि ते घराणं सरकारच्या जवळचं आहे. सबाह २००७ मध्ये सरकारी ठेव-विमा निधीने ताब्यात घेतला, २००८ मध्ये चालिक आणि २०१३ मध्ये कल्योन समूहाकडे गेला. झमानचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. हा धर्मगुरू फेतुल्ला गुलेन यांच्या चळवळीचा पेपर २०१० मध्ये सरकारच्या बाजूने होता, २०१४ मध्ये कडवा विरोधक होता, मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने त्यावर विश्वस्त बसवले आणि जुलैमधल्या फसलेल्या लष्करी उठावानंतर तो बंद झाला. ‘झमानने असं म्हटलं’ या वाक्याला साल जोडल्याशिवाय काहीच अर्थ नाही.

विरोधी पेपरांनाही एका माळेत ओवू नका. जुम्हुरियेत, सोझजू, बिरगून, एव्रेन्सेल आणि सत्ताधारी पक्षातून दुरावलेल्या पुराणमतवाद्यांचा ‘करार’ नावाचा पेपर, या सगळ्यांचं एर्दोगन यांच्याशी पटत नाही, पण इराणबद्दलचं मत वेगवेगळं आहे. आयदिनलिक अमेरिकाविरोधी आणि रशिया-चीनकडे झुकलेला; तो इराणच्या बाजूने लिहितो. मिल्ली गझेते इस्लामवादी माजी पंतप्रधान एर्बाकान यांच्या परंपरेतला, त्याचं लक्ष इस्रायलवर. सरकारच्या बाजूचा येनी शफाक सीरियाच्या युद्धात इराणवर तुटून पडत होता. इराणचा विषय आला की सरकार विरुद्ध विरोधक ही सरळ रेषा मोडते, आणि तिथेच वाचायला खरी मजा येते.

भाषांतर यंत्राच्या चुका ठरलेल्या आहेत. सोझजू म्हणजे प्रवक्ता, सबाह म्हणजे सकाळ, अक्शाम म्हणजे संध्याकाळ, करार म्हणजे निर्णय. यंत्र ‘सोझजूच्या मते’ याचं ‘प्रवक्त्याच्या मते’ करतं, आणि एका विरोधी पेपरचं मत परराष्ट्र खात्याच्या तोंडी जातं. उपाय सोपा आहे: मूळ तुर्की वाक्य शेजारी उघडं ठेवा. तुर्कीत विशेषनामाला प्रत्यय लागला की मध्ये वरचा स्वल्पविराम येतो. तो दिसला तर ते नाव आहे, प्रत्यय असूनही तो नसेल तर बहुधा साधा शब्द. पूर्ण मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यातही ही खूण कामी येते. दुसरी खूण स्रोताची. वाक्याच्या शेवटी ‘ओरेनिल्दी’, म्हणजे ‘असं समजतं’, आलं की निनावी सूत्र. ‘इद्दिआ एदिल्दी’ आलं की पेपर स्वतः हमी घेत नाही. यंत्र ही छटा पुष्कळदा गाळून सरळ विधान करून टाकतं. राष्ट्राध्यक्षांच्या वास्तूला सरकारी बाजू ‘कुल्लिये’ म्हणते आणि विरोधक ‘सराय’, म्हणजे राजवाडा. तेवढ्यावरूनही लेखकाची बाजू कळते.

अंकारातल्या आतल्या गोटाच्या बातम्यांच्या स्तंभांना कुलिस म्हणतात. हुर्रियेतमधले अब्दुलकादिर सेल्वी यांचे स्तंभ सत्तेच्या वर्तुळात काय बोललं जातंय, किंवा काय बोललं जावं असं वाटतंय, ते कळण्यासाठी वाचले जातात. ती माहिती उपयोगाची आहे, पण तिला संकेत समजा, घटना नव्हे. पत्रकार मुरात येत्किन यांचं संकेतस्थळ इंग्रजीतही आहे आणि परराष्ट्र धोरण व देशांतर्गत राजकारण एकत्र मांडतं. नवख्याने तिथून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

पेपर गप्प असतील तर त्याचंही कारण शोधा. न्यायालय एखाद्या विषयावर प्रसिद्धीबंदी घालू शकतं. जून २०१४ मध्ये मोसुलच्या तुर्की वकिलातीतले कर्मचारी ओलीस धरले गेले तेव्हा अशीच बंदी आली होती. छापून आलेली बातमीही न्यायालयीन आदेशाने संकेतस्थळावरून काढली जाते, म्हणून महत्त्वाचं पान दिसताक्षणी त्याची प्रत जतन करा. उद्या दुवा उघडेलच असं नाही. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने खोटी माहिती जाहीरपणे पसरवल्याबद्दल एक ते तीन वर्षं कैद ठेवली आहे, त्यामुळे काही संपादक मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकून सुटका करून घेतात. वाहिन्यांवर नियामक मंडळाची टांगती तलवार असते. जुलै २०२५ मध्ये सोझजू वाहिनीचा पडदा दहा दिवस काळा होता. छापील पेपरांवर सरकारी जाहिरातींचं वाटप करणाऱ्या संस्थेचा दबाव वेगळा. ती जाहिराती रोखते आणि लहान पेपरचं कंबरडं मोडतं.

आता अशी घटना जिथे अणुप्रश्न आणि घरचं राजकारण खरोखरच एक होतं. २४ नोव्हेंबर २०१३ ला जिनिव्हात इराणशी अंतरिम करार झाला आणि १७ डिसेंबरला इस्तंबूलमध्ये भ्रष्टाचाराच्या तपासात अटकसत्र सुरू झालं. त्यात सोन्याचे व्यापारी रेझा झर्राब होते आणि सरकारी हाल्कबँकेचे प्रमुख सुलेमान अस्लान. अस्लान यांच्या घरी बुटांच्या खोक्यांत ४५ लाख डॉलर सापडले. सरकारी पेपरांनी याला ‘समांतर सत्तेचं’, म्हणजे सरकारी यंत्रणेतल्या गुलेनवाद्यांचं, कारस्थान म्हटलं, गुलेनवादी पेपरांनी चोरी पकडल्याची बातमी दिली. दोन्हीकडच्या गदारोळात यंत्रणा कशी चालायची ते मागे पडलं. ती अशी होती: इराणच्या तेल-वायूचे पैसे हाल्कबँकेत लिरांत जमा होत, निर्बंधांमुळे डॉलरमध्ये बाहेर नेता येत नसत, म्हणून त्यातून सोनं घेऊन ते थेट किंवा दुबईमार्गे पाठवलं जाई. अमेरिकेने १ जुलै २०१३ पासून सोन्याची ही वाट कायद्याने बंद केली. हे नीट समजून घ्यायचं तर तुर्की पेपरांपेक्षा निर्बंध चुकवल्याबद्दल न्यूयॉर्कमध्ये चाललेल्या खटल्याची कागदपत्रं वाचा. झर्राब यांनी २०१७ च्या अखेरीस तिथे साक्ष दिली आणि जानेवारी २०१८ मध्ये बँकेचे उपमहाव्यवस्थापक मेहमेत हाकान आतिल्ला दोषी ठरले.

२०२५ मध्ये मेचाच महिना पुन्हा तसा आला. १९ मार्चला इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोलू यांना ताब्यात घेतलं गेलं होतं. सरकारी पेपरांसाठी तो भ्रष्टाचाराचा तपास, सीएचपीसाठी ‘१९ मार्चचा उठाव’. १२ मेला पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेने स्वतःचं विसर्जन जाहीर केलं. १६ मेला इस्तंबूलमध्ये एकाच दिवशी रशिया-युक्रेन बोलणी झाली आणि इराणच्या वाणिज्य दूतावासात ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीशी उपमंत्री पातळीवरची अणुचर्चाही. दुसऱ्या बैठकीला पहिल्या पानावर जागा मिळणं अवघडच होतं. अशा वेळी पानावर मिळालेली जागा बघून बैठक किरकोळ होती असं ठरवू नका.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांचे इराणवरचे जुने निर्बंध परत आले. २०१० मध्ये याच निर्बंधांविरुद्ध हात वर करणाऱ्या तुर्कस्तानने १ ऑक्टोबरला अणुकार्यक्रमाशी संबंधित इराणी व्यक्ती आणि संस्थांची मालमत्ता गोठवण्याचा आदेश राजपत्रात छापला. असा बदल आधी राजपत्रात, म्हणजे रेस्मी गझेतेत, उमटतो आणि स्तंभलेखक त्यावर नंतर बोलतात. ते रोज तिथल्या मध्यरात्रीच्या सुमारास संकेतस्थळावर येतं. भारताची वेळ अडीच तास पुढे आहे, म्हणजे तुम्ही सकाळी चहा घेताना ते वाचायला तयार असतं.