पत्राकाम झालेली कॉन्टेसा अर्ध्यावर अडकलीय? रंग थांबवा, आधी गाडी चालू करा

पेंटरला ॲडव्हान्स देऊ नका. बाकीचं उत्तर सवडीनं वाचा, पण एवढं आजच करा.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या मागे त्यांची १९८९ ची कॉन्टेसा तुम्ही घरीच रिस्टोर करायला घेतली. गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये सुटी पडलीय. पत्राकाम झालंय, इंजिन खाली उतरवून ठेवलंय, पैसे आणि उमेद दोन्ही आटत आलेत. उरलेले पैसे रंगाला घालून निदान दिसायला तरी गाडी पूर्ण करावी, की भंगारवाल्याला बोलवावं?

माझं म्हणणं, दोन्ही नको. मी कोल्हापुरात घराच्या अंगणात, पत्र्याची शेड मारून, कॉन्टेसा क्लासिक पूर्ण केली आहे. माझी इसुझूच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची. तुम्ही आत्ता जिथे उभे आहात, तिथेच बहुतेक गाड्या कायमच्या थांबतात. आणि त्या थांबतात त्या रंगामुळे.

कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्यात मी ज्या अर्धवट कॉन्टेसा, फियाट, ॲम्बेसेडर पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच अगदी चकचकीत रंगवलेल्या होत्या. बोनेट उघडलं की आत काहीच नाही. कारण सरळ आहे. रंगवलेल्या गाडीवर काम करायला हात धजत नाही. क्रेनवरून इंजिन उतरवताना ते फेंडरला लागेल ही धास्ती, पान्हा सटकायची धास्ती. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग फुगून सुटतो, म्हणून ब्रेकचं काम पुढं ढकललं जातं. मग गाडीवर कव्हर चढतं आणि वर्षं जातात. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या ज्या मेस्त्रींकडून मी हे काम शिकलो, ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आधी पळू दे, मग नटव." मी गाडी प्रायमरवरच चालू केली, प्रायमरवरच पळवली आणि मगच रंगाला दिली. गाडी पूर्ण झाली ती या क्रमामुळे, असं मी ठामपणे म्हणेन.

मसल कार म्हणून तुम्ही कॉन्टेसाचा उल्लेख केलाय, त्यावर थोडं. अमेरिकेत १९६४ साली पॉन्टिॲक जीटीओ आली तेव्हापासून तो प्रकार गाजला: मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन. आपली कॉन्टेसा म्हणजे ब्रिटिश वॉक्सहॉलच्या व्हीएक्स मालिकेच्या साच्यांवर हिंदुस्तान मोटर्सनं कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनवलेली सेडान. सुरुवातीला तिच्यात ॲम्बेसेडरचंच १.५ लिटरचं इंजिन होतं. ताकदीनं ती मसल कार नाही, पण लांब बोनेट, रुंद बसकण आणि मागच्या चाकांना जाणारी ताकद हे सगळं तिच्यात आहे, आणि आपल्या रस्त्यांवर तो मान तिलाच मिळाला. मला तो योग्य वाटतो.

आता पत्राकाम खरंच झालंय का, ते आधी बघा. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घ्या आणि दाराखालचे सिल, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेचे खालचे कोपरे आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा यांवरून फिरवा. जिथे चुंबक पकड सोडतं, तिथे पत्र्याऐवजी जाड पुट्टी आहे. पुट्टी पाणी पिते, आपल्याकडचे पावसाचे चार महिने ती आतून पाणी धरून ठेवते आणि वरून काहीच दिसत नाही. दुसरी परीक्षा सिलची. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. जॅकच्या जागेवर जॅक लावून एक बाजू उचला आणि त्या बाजूचं दार उघडून बंद करून पाहा. दार अडकलं तर सिलमध्ये जीव नाही, वरून नुसती पट्टी मारलीय. तसं असेल तर ते कापून २० किंवा १८ गेजच्या सीआरसी (थंड लाटलेल्या) पत्र्यानं पुन्हा करायला लागेल, आणि मिग वेल्डिंगनंच (विजेवरचं, सलग तार सोडणारं). एका जागी सलग वेल्डिंग ओढायचं नाही. लांब लांब अंतरावर छोटे टाके घालायचे, ते निवले की मधले भरायचे. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेनं एवढा पातळ पत्रा लाटा मारतो, आणि त्या लाटा झाकायला पुन्हा पुट्टी येते.

गाडी रंगाविना काही महिने राहणार, म्हणून प्रायमर इपॉक्सी लावून घ्या. नेहमीचा राखाडी प्रायमर दमट हवा शोषतो, खाली गंज धरतो. रंगाला ठेवलेल्या पैशांतला पहिला खर्च हाच करा.

इंजिनाला घाबरू नका. या बाबतीत आपण कोल्हापूरकर भाग्यवान आहोत. शेतीच्या ऑइल इंजिनांवर वाढलेलं हे गाव. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, सगळं शिवाजी उद्यमनगरात चालत जाण्याच्या अंतरावर करून मिळतं. इंजिन अडकलेलं असेल तर स्टार्टर किंवा पहार लावू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओता, काही दिवस मुरू द्या आणि मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पान्हा लावून पुढं-मागं अलगद हलवा. फिरलं तर लगेच चालू करायचा मोह आवरा. हेड उतरवून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मापून घ्या. इसुझू १.८ चा बोअर ८४ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ८२. माप वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं घेतलं पाहिजे, कारण सिलिंडर नुसता मोठा होत नाही, तो लंबगोलही होतो. आणि आधी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठे) पिस्टन हातात येऊ द्या, मगच बोअरिंगला टाका. पिस्टन मापूनच बोअर ठरतो.

सुट्या भागांचं म्हणाल तर कॉन्टेसाचं उत्पादन २००२ मध्ये बंद झालं, त्यामुळे दुकानात जाऊन मागावं आणि मिळावं असं फार थोडं उरलंय. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार ही जुन्या मालाची मोठी ठिकाणं. पण जे मिळत नाही ते आपल्याकडे बनतं. माझ्या इंजिनावरचं थर्मोस्टॅटचं ॲल्युमिनियम हाउसिंग पूर्ण खाल्लं गेलं होतं. उद्यमनगरातल्या एका पॅटर्न मेकरकडे (ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्याकडे) ते घेऊन गेलो. त्यांनी नखानं कडा खरवडली, पांढरी भुकटी त्यांच्या टेबलावर सांडली. "साधं पाणी घालत होते काय यात?" एवढंच विचारलं. मग त्यांनी कपाटातून वेगळीच पट्टी काढली. त्या पट्टीवरचा मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. ओतलेला धातू निवताना आकसतो, बीड (कास्ट आयर्न) शेकडा एक आणि ॲल्युमिनियम शेकडा सव्वाच्या आसपास, म्हणून पॅटर्नच तेवढा मोठा करायचा. जिथे मशीनिंग होणार त्या तोंडांवर आणखी थोडा माल ठेवायचा. त्यांनी लाकडात तो तुकडा घडवला, फाउंड्रीतून ओतून आणला, लेथवर तोंड घासलं आणि गॅस्केट ठेवून उजेडासमोर धरून मला दाखवलं. कुठेही फट नव्हती. कंपनीचा पार्ट मिळाला असता तर इतका आनंद झाला असता असं मला वाटत नाही. तुमचा एखादा ब्रॅकेट, वॉटर पंपाची बॉडी, मॅनिफोल्डचा कान तुटला म्हणून काम अडलं असेल, तर इंटरनेटवर महिने घालवण्याआधी तो तुटका तुकडा घेऊन उद्यमनगरात एक चक्कर मारा. आणि नंतर रेडिएटरमध्ये कूलंटच घाला.

पेट्रोलची टाकी बाहेर काढून आतून साफ करा. आत मूठभर नट आणि साखळीचे तुकडे टाकून हलवलं की गंजाचे पापुद्रे सुटतात, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग लावायचं नाही म्हणजे नाही. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र सगळेच बदला, दिसायला चांगले असले तरी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल उसापासून येतं, आपल्या भागाला त्याचा फायदा आहे, पण १९८९ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर सगळ्या मेहनतीची राख. इथेनॉलला चालणारेच पाइप आणि कार्बोरेटरचा नवा किट घ्या. हे पेट्रोल हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

मग ब्रेक. इंजिन सुरू झालं की फेरी मारायची घाई होते, आणि घरातले सगळे दारात येऊन उभे राहतात. तरीही ब्रेक होईपर्यंत गाडी शेडबाहेर काढू नका. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपर, सगळ्यांचे रबर नवे हवेत. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर नवा रबर आठवड्यात गळेल. तिथे स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह बसवून घ्या, तेही इथेच होतं. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना माझा भाचा सीटवर आणि मी जमिनीवर: "दाब… धर… सोड." मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. नळीतून आधी काळपट ऑइल, मग फेस, मग सुटे बुडबुडे, आणि शेवटी स्वच्छ धार. पेडल टणक लागल्यावर लगेच उठायचं नाही. जोरात दाबून मिनिटभर धरून ठेवायचं. हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर आतून दाब सोडतोय.

वायरिंगचं एकच सांगतो: निम्म्याहून जास्त तक्रारी अर्थिंगच्या, म्हणजे वायर बॉडीच्या पत्र्याला जोडतात त्या जागांच्या असतात. प्रायमरवर गाडी चालवण्याचा इथे मोठा फायदा होतो. अर्थिंगचा प्रत्येक पॉइंट खरवडून, दातेरी वॉशर लावून जोडा, त्यांचे फोटो काढून ठेवा, आणि रंगाच्या आधी तेवढ्या जागांवर मास्किंग टेप मारा. नाहीतर रंगाचा थर मध्ये येतो, हेडलाइट मंद जळतात, इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट लुकलुकतो, आणि वायरमन उगाच नव्या वायरी ओढत बसतो.

एवढं झालं की गाडी आधी गल्लीत, मग रंकाळ्याला एक फेरी, आणि सगळं ठीक असेल तर वाघबीळ चढून पन्हाळा. सकाळी लवकर जा, सोबत पाणी आणि हत्यारं ठेवा. घाटात रेडिएटर, क्लच आणि उतरताना ब्रेक, तिन्हींची खरी परीक्षा होते. माझ्या गाडीचं डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांच्या पेटीचं) सील त्या चढावर गळायला लागलं. प्रायमरवर होती म्हणून निर्धास्तपणे खाली झोपून पुन्हा उघडता आलं. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा माणसं का गर्दी करतात? ती आपल्या चाकांवर येते म्हणून. तुमची गाडी नुसत्या प्रायमरवर पन्हाळ्याला जाऊन आली की तुमची गेलेली उमेद परत येईल, याची मला खात्री आहे. त्यानंतर पैसे उभे करणंही सोपं जातं, कारण घरच्यांनी ती चालताना पाहिलेली असते.

रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. पीयू (पॉलियुरेथेन) रंग अंगणात स्वतः मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतं आणि कापडी मास्कनं अडत नाही. हे काम पेंट बूथ (रंगाची बंद खोली) असलेल्याकडेच द्या.

कागदपत्रं मात्र आजपासूनच हलवा. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलायला फॉर्म ३१, आणि १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाला फॉर्म २५. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं. विंटेजची नोंदणी ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे, तुमच्या गाडीला ती लागू नाही. जुन्या गाड्यांवरची दिल्लीतली बंदी इकडे नाही, त्या बातम्या वाचून गाडी भंगारात काढू नका. चेसिस नंबरची जागा पत्राकाम करणाऱ्यानं घासली किंवा पुट्टीखाली घातली नाही ना, हे आजच टॉर्च मारून पाहा. तपासणीला तोच नंबर वाचता यावा लागतो.

आणि कमेंटमध्ये एवढं कळवा: इंजिन ॲम्बेसेडरचं १.५ आहे की इसुझूचं? हातानं फिरतंय का? १.५ असेल तर पार्ट्स बरेच सोपे आहेत. इसुझू असेल तर माझ्याकडे मोजमापांची वही आहे, तिचे फोटो टाकतो.