डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (फासे टाकून, एकेक पात्र घेऊन खेळायचा कथा-खेळ) विष खरं वाटावं, पण एका फाशात पात्र मरू नये, यासाठी काय करावं?

इजा वाढवू नका, वेळ वाढवा.

जुन्या आवृत्त्यांत बहुतेक विषांचा हिशेब सरळ होता: बचावाचा फासा (धोका टळतो का हे ठरवणारा) चुकला की पात्र खलास. सहा महिने जपलेलं पात्र एका कोळ्याने संपवलं की खेळाडू पुढच्या रविवारी येतच नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत उलटंच. साध्या विषाची कुपी १०० सुवर्णमुद्रांना, आणि इजा जेमतेम १ ते ४ गुणांची. तेवढ्या पैशांत सहा लांब तलवारी येतात हो!

खरं विष कसं चढतं ते बघा. मण्यार रात्री झोपेत चावते, बरेचदा दुखतही नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. भीती त्या मधल्या वेळेत असते, आणि खेळाडूला हातपाय हलवायची संधीही तिथेच मिळते.

म्हणून खेळ चालवताना मी तीन टप्पे ठेवतो. पहिला बचाव चुकला तर नुसतं लक्षण: "जीभ जड वाटतेय." तासाभराने दुसरा, तोही चुकला तर हल्ल्याला दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. तिसरा चुकला तरच बेशुद्धी. मधल्या काळात वैद्य शोधा, उतारा शोधा, विष घालणाऱ्याची मानगूट धरा. (आमच्याकडे एकदा सगळं सत्र यातच गेलं, आणि मजा आली.)

हो, तेच विष खेळाडूंनी वापरलं तर राक्षसालाही हेच टप्पे. हे मोहिमेआधीच सांगून टाका, नाहीतर भांडणं ठरलेली.